मनू, कागद फिरव

सातारा

चि. मनूस,


काल रात्री साडेबाराला तू व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो मी सकाळी उठल्यावर पाहिला. चाचणीचा पेपर, प्रश्न सातवा, त्यावर लाल शाईची फुली आणि खाली तुझा निरोप : "मावशी, सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, मग उत्तर चूक कसं?" त्याखाली अजून एक ओळ होती : "मला फिजिक्स जमणारच नाही बहुतेक."

पहिल्या ओळीचं उत्तर मी फोनवर दोन मिनिटांत दिलं असतं. दुसरी ओळ वाचली आणि पत्र लिहायला बसले. तुला विचारूनच हे पत्र छापायलाही देते आहे, कारण तीस वर्षं बारावीचे पेपर तपासताना हीच चूक मी शेकडो वेळा पाहिली. कष्टाळू, हुशार, सूत्रं तोंडपाठ असलेल्या मुलांच्या पेपरात पाहिली. त्यातल्या कितीतरी जणांनी तुझ्यासारखंच मनाशी ठरवून टाकलं असेल की हा विषय आपला नाही. तेव्हा पुढच्या पोरांची रांग होती, वेळ नव्हता. आता आहे.

तुझं गणित आधी इथे मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी कळेल. धातूच्या दोन समांतर पट्ट्या, मध्ये ६ सेंटिमीटर अंतर, त्यांना १२ व्होल्टची बॅटरी जोडलेली. ऋण पट्टीचा विभव शून्य धरायचा. 'अ' हा बिंदू धन पट्टीपासून १ सेंटिमीटरवर. 'ब' हा 'अ'पासून सरळ ऋण पट्टीच्या दिशेने ३ सेंटिमीटर पुढे. आणि 'क' हा 'ब'पासून ४ सेंटिमीटरवर, पण पट्ट्यांना समांतर अशा दिशेने. तिन्ही बिंदूंचे विभव काढा.

विद्युत क्षेत्र तू बरोबर काढलंस : २०० व्होल्ट प्रति मीटर. 'अ'चा विभव १० व्होल्ट, तोही बरोबर. पुढे 'ब'साठी २०० गुणिले ०.०३ म्हणजे ६, ते १० मध्ये मिळवून १६. 'क'साठी पायथागोरस लावून 'अ' ते 'क' अंतर ५ सेंटिमीटर, म्हणून २०० गुणिले ०.०५ म्हणजे १०, ते १० मध्ये मिळवून २०. उत्तराखाली पट्टीने दुहेरी रेघ मारली आहेस. त्या रेघेकडे मी बराच वेळ बघत होते. किती खात्रीने मारली आहेस!

आता मला एवढंच सांग. बॅटरी १२ व्होल्टची. एका पट्टीवर १२, दुसरीवर शून्य. मग दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत २० व्होल्ट आले कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती. गावाकडे वाढलेल्या पोरीला हे उपजत कळतं. पण पेपर हातात आला की ते उपजत शहाणपण आपण वर्गाबाहेर चपलांबरोबर ठेवून येतो आणि सूत्रात आकडे भरायला लागतो. सूत्र बिचारं काय करणार? तू जे अंतर देशील त्याने ते गुणतं.

म्हणून सूत्र घटकाभर बाजूला ठेव. आपल्या गावामागचा डोंगर आठव.

२०१६ चा उन्हाळा. वॉटर कप स्पर्धेचं ते पहिलं वर्ष. राज्यातले तीनच तालुके त्यात होते, वरुड, अंबाजोगाई आणि आपलं कोरेगाव. तू जेमतेम आठ वर्षांची, सुट्टीला आजोळी आलेली, आणि रोज पहाटे सगळ्यांबरोबर श्रमदानाला निघायचीस. कुदळ तुला उचलायची नाही म्हणून फक्कीची पाटी तुझ्या हातात दिली होती. चर खणण्याआधी त्यांची जागा आखायची असे. त्यासाठी हायड्रोमार्कर होता. दोन उभ्या काठ्या, दोन्हींवर मोजपट्टी, आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक जण काठी रोवून उभा राहायचा. दुसरा आपली काठी घेऊन पुढे जायचा आणि उतारावर वर-खाली सरकत राहायचा. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्याला आलं की तो हाक मारायचा आणि तू पळत जाऊन तिथे फक्कीची चिमूट टाकायचीस. मग पुढचा बिंदू. संध्याकाळी खालून पाहिलं तर डोंगराच्या अंगावर पांढरी वळणं उमटलेली असायची. रेघ नागमोडी, पण तिच्यावरचा प्रत्येक ठिपका सारख्याच उंचीवर. त्या रेघेवर खणलेल्या सलग समतल चरात पाणी कुठे धावत नाही, आहे तिथे मुरतं.

तू तेव्हा तुझ्या मामाला विचारलं होतंस, "या रेघेवरून चाललं तर दम का लागत नाही?" मामा हसला होता. मी मात्र तो प्रश्न विसरले नाही. भौतिकशास्त्राचा एक अख्खा धडा त्या प्रश्नात होता.

भूगोलात त्या फक्कीच्या रेघेला समोच्च रेषा म्हणतात. आपल्या विषयात तिची सख्खी बहीण आहे, समविभव रेषा. सम-उच्च आणि सम-विभव. डोंगरावर उंची, इथे विभव. समोच्च रेषेवरून चालताना चढ नाही आणि उतार नाही, म्हणून गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम नाही. समविभव रेषेवरून प्रभार सरकवला तरी विद्युत क्षेत्राविरुद्ध काम नाही. तू शाळेत विभव आणि विभवांतर शिकलीस, अकरावीत गेल्यावर त्याचं पोटेन्शियल आणि पोटेन्शियल डिफरन्स झालं, आणि मला वाटतं त्या बदलात अर्थ कुठेतरी वाटेत सांडला. पोटेन्शियल हा तुझ्यासाठी एक इंग्रजी शब्द झाला, त्याला उंची राहिली नाही. इंग्रजीत लिही, परीक्षा इंग्रजीतच आहे. पण विचार करताना मनात डोंगर असू दे.

आता तुझी आकृती घे आणि कागद फिरव. खरोखर हातात धरून फिरव. विद्युत क्षेत्राचा बाण पानाच्या खालच्या कडेकडे रोखला जाईल इतका. धन पट्टी वर गेली, १२ व्होल्ट. ऋण पट्टी खाली आली, शून्य. मध्ये ६ सेंटिमीटर उतार आहे आणि तो सगळीकडे सारखा आहे, दर सेंटिमीटरला २ व्होल्ट. 'अ' वरच्या पट्टीच्या १ सेंटिमीटर खाली, म्हणजे १० व्होल्टच्या पातळीवर. 'ब' त्याच्याखाली ३ सेंटिमीटर, म्हणजे ६ व्होल्ट उतरून ४ व्होल्टवर. आणि 'क'? कागद फिरवल्यावर दिसेल की 'क' हा 'ब'च्या बरोबर आडव्या रेषेत आहे. तुझ्या फक्कीच्या रेघेवर. 'ब'वरून 'क'कडे जाताना तू ४ सेंटिमीटर चाललीस, पण उतरलीस काहीच नाही. 'क'चा विभवही ४ व्होल्ट.

'अ' ते 'क' अंतर ५ सेंटिमीटर आहे हे खरंच. पायथागोरसने तुला फसवलं नाही. पण विभव विचारतो, त्या ५ सेंटिमीटरमध्ये उताराच्या दिशेने किती गेलीस? फक्त ३. पुस्तकात सूत्राबरोबर जो कोसाइन येतो त्याचं सगळं काम एवढंच आहे. वाटेची लांबी घ्यायची आणि तिच्यातला उताराच्या दिशेचा भाग तेवढा बाजूला काढायचा. इथे कोसाइन ३ भागिले ५ आहे. ५ ला त्याने गुण, ३ येतात. बाकीचा आडवा प्रवास फुकट.

आणि सूत्रातलं ते वजा चिन्ह, जे तू दोन्ही ठिकाणी विसरलीस. ते पाठ करू नकोस. क्षेत्राचा बाण नेहमी उताराकडे बोट दाखवतो. बाणाच्या दिशेने गेलीस की विभव कमी होतो, बाणाविरुद्ध गेलीस की वाढतो. पाणी जसं उंचावरून खोलगट जागेकडे जातं, तसा मोकळा सोडलेला धन प्रभार जास्त विभवाकडून कमी विभवाकडे जातो. कागद फिरवून बाण खाली केलास की वजा चिन्ह डोळ्यांना दिसतं, लक्षात ठेवावं लागत नाही.

क्षेत्र तिरकं दिलं की मुलं घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कागद थोडा जास्त फिरवायचा. समज, ५०० व्होल्ट प्रति मीटरचं क्षेत्र आडव्या अक्षाशी तिरकं आहे, इतकं तिरकं की ४ सेंटिमीटर उजवीकडे आणि ३ सेंटिमीटर वर गेलं की आपण नेमके त्याच्या दिशेने जातो. आरंभबिंदूपासून असं गेलीस तर ५ सेंटिमीटरचा सगळा प्रवास उताराचा, विभव २५ व्होल्टांनी घटला. आता त्याच आरंभबिंदूपासून ३ सेंटिमीटर उजवीकडे आणि ४ सेंटिमीटर खाली जा. अंतर पुन्हा ५. पण ही वाट पहिलीला काटकोनात आहे. विभवातला फरक शून्य. दोन्ही वाटा सारख्याच लांब. दिशेने मात्र एकीला २५ व्होल्टांचा फरक दिला, दुसरीला काहीच नाही.

अजून एक गाठ सोडवते, कारण तुझ्या पेपरात समासात तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस, "झिरो कुठे घ्यायचा?" प्रश्न चांगला आहे, समासात लपवायचा नव्हता. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुण्याहून मुंबईला जाताना लोणावळ्याची पाटी बघ, मग कर्जतची बघ, आणि दोन्हींची वजाबाकी कर. आता समज, उद्या सगळ्यांनी ठरवलं की उंची समुद्राऐवजी कर्जतच्या फलाटापासून मोजायची. पाट्यांवरचे सगळे आकडे बदलतील. पण लोणावळा कर्जतपेक्षा किती वर आहे, ती वजाबाकी तीच राहील, आणि गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांचे कष्टही तेच राहतील. शून्य आपण आपल्या सोयीने ठेवतो. तुझ्या गणितात ऋण पट्टी शून्य धरली होती. त्याऐवजी धन पट्टी शून्य धरलीस तर ऋण पट्टी उणे १२ होईल, 'अ' उणे २, 'क' उणे ८. 'अ' आणि 'क' यांच्यात फरक? तेव्हाही ६, आताही ६. प्रश्नात शून्य दिलेलं असेल तर ते वापर, नसेल तर स्वतः ठरव आणि उत्तराच्या आधी एका ओळीत लिहून टाक.

कर्जत-लोणावळ्याचा, म्हणजे बोरघाटाचा विषय निघालाच आहे तर तिथे क्षणभर थांबू. १८६३ साली तो रेल्वेमार्ग सुरू झाला. त्याचा जास्तीत जास्त चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. 'किती पुढे गेल्यावर किती वर' ही जी भाषा आहे, तीच विद्युत क्षेत्राची भाषा. २०० व्होल्ट प्रति मीटर म्हणजे विभवाच्या डोंगराचा तो चढ. विभव ही उंची, क्षेत्र हा चढ. या दोघांची गल्लत होते म्हणून पुष्कळ गुण जातात. आणि गाडी बोगद्यांतून वळणं घेत वर गेली काय किंवा एखादा गडी जुन्या पायवाटेने चढून गेला काय, कर्जत आणि लोणावळा यांच्यातल्या उंचीचा फरक कुणासाठी बदलत नाही. विभवांतरही वाट विचारत नाही. म्हणून 'अ'कडून 'क'कडे जाताना आधी सरळ खाली उतरून मग आडवं जायची मुभा आहे. गणितात नेहमी हीच सोपी वाट धर.

एकसमान क्षेत्र म्हणजे सगळीकडे सारखाच चढ. असा डोंगर निसर्गात क्वचितच असतो, म्हणून तो आपण दोन पट्ट्यांमध्ये तयार करतो. पट्ट्यांच्या कडांपाशी मात्र क्षेत्र बाहेर फुगतं, तिथे हा हिशोब चालत नाही. लॉर्ड केल्विन यांनी आपल्या विद्युतमापीत मधल्या पट्टीभोवती वेगळी कडी बसवली होती ती याचसाठी, कडेची गडबड कडीने सोसावी आणि मध्ये शुद्ध एकसमान क्षेत्र राहावं. गणितात 'कडांचा परिणाम दुर्लक्षित करा' असं लिहिलेलं असतं त्यामागे ही गोष्ट आहे.

काल रात्री साडेबाराला तू निरोप पाठवलास, म्हणून एक सांगते. हे तुझ्या परीक्षेत येणार नाही. निरभ्र दिवशी जमिनीलगतच्या हवेत एक विद्युत क्षेत्र असतंच, साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर, आणि त्याचा बाण खाली जमिनीकडे. इथे कागद फिरवायचीही गरज नाही. जमीन शून्य धरली तर मोकळ्या मैदानात एक मीटर उंचीवर १०० व्होल्ट, दोन मीटरवर २००. मग माणूस उभा राहिला की डोक्याला आणि पायांना वेगवेगळा विभव मिळून झटका का बसत नाही? आपलं शरीर हवेच्या मानाने फार चांगलं वाहक आहे. तू उभी राहिलीस की डोक्यापासून पायापर्यंत तू स्वतःच जमिनीच्या विभवाची होतेस, आणि हवेतली समविभव पृष्ठं तुझ्या डोक्यावरून वाकून जातात, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून चादर जाते तशी. त्यात हवेतून वाहू शकणारी धारा इतकी क्षीण असते की कळतसुद्धा नाही.

कार्नेगी नावाचं एक जहाज होतं. चुंबकीय मापनात अडथळा नको म्हणून लोखंड टाळून लाकडाने बांधलेलं. १९०९ ते १९२९ या काळात ते जगभरच्या समुद्रांवर फिरलं, आणि त्याच्यावरच्या नोंदींतून दिसलं की समुद्र कुठलाही असो, हे हवेतलं क्षेत्र सरासरीने ग्रीनिचच्या संध्याकाळी ७ च्या सुमारास सर्वांत जास्त असतं. स्थानिक घड्याळ काही का म्हणेना. पृथ्वीवर जिथे जिथे वादळं गडगडत असतात त्या सगळ्यांची बेरीज त्या वेळी मोठी असते, अमेरिका खंडांत तेव्हा दुपार असते. ग्रीनिचचे ७ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. तू त्या वसतिगृहाच्या खोलीत पेपर समोर घेऊन बसली होतीस तेव्हा सगळ्या पृथ्वीच्या हवेत हा चढ दिवसातला सगळ्यात तीव्र असायची वेळ होती.

आता जे सांगणार आहे ते मला स्वतःला समजायला वीस वर्षं लागली.

मी नववीत असताना, मे अखेरीस, वळवाच्या पावसात आपल्या मळ्यातल्या चिंचेवर वीज पडली. आमचे बैल सर्जा आणि राजा झाडापासून आठ-दहा पावलांवर दोन खुंट्यांना बांधलेले होते. आबा गोठ्याच्या दारात होते. आवाज झाला, डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि आम्ही पळत गेलो तेव्हा सर्जा आडवा पडलेला होता, गेला होता. राजा गुडघ्यांवर आला होता. थोड्या वेळाने उठला, अंग थरथरत होतं, पण उठला. पुढे सहा वर्षं त्याने औत ओढलं. दोघं झाडापासून सारख्याच अंतरावर होते. गावात सगळे म्हणाले, सर्जाची वेळ भरली होती. आबांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. मला फक्त एकच चित्र लख्ख आठवतं : सर्जाचं तोंड चिंचेकडे होतं, राजा तिला आडवा उभा होता.

पुढे शिकवायला लागल्यावर एक दिवस फळ्यावर समविभव रेषा काढताना माझा हात थांबला. वीज झाडातून जमिनीत शिरली की धारा झाडाच्या बुंध्यापासून चहूकडे पसरते. जमिनीवर बुंध्याजवळ विभव प्रचंड, दूर जाऊ तसा कमी. समविभव रेषा म्हणजे बुंध्याभोवतीची वर्तुळं. हे क्षेत्र एकसमान नाही, लांब जाऊ तसं ते झपाट्याने घटतं. पण एका बैलाच्या लांबीपुरतं ढोबळ मानाने एकसमान धरून हिशोब करता येतो. त्या जागी उतार समज दर मीटरला हजार व्होल्टांचा होता. हा आकडा मी फक्त हिशोबासाठी घेते आहे. सर्जाचे पुढचे पाय झाडाकडे, मागचे पाय दीड मीटर मागे, अगदी उताराच्या दिशेने. पुढच्या आणि मागच्या पायांत दीड हजार व्होल्ट, आणि त्यांच्या मधल्या वाटेवर काळीज. राजाचे पुढचे आणि मागचे पाय जवळपास एकाच वर्तुळावर. तेच दीड मीटर, पण फक्कीच्या रेघेवरचे. त्याच्या वाट्याला डाव्या-उजव्या पायांमधल्या अंतराचा फरक आला, तेवढाच. माझी समजूत अशी आहे की सर्जा दिशेने मेला. त्या दिवशी वर्गात मी पुढचं काही शिकवू शकले नाही. पोरांना वाटलं, बाईंना बरं नाही.

म्हणून तुझ्या पेपरातले ते ५ सेंटिमीटर पाहून मला नुसती चूक दिसली नाही. अंतर किती, हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या दिशेने किती, हा पुरा प्रश्न आहे, आणि तो फक्त दोन गुणांचा नाही. विजेची तुटलेली तार जमिनीवर पडलेली दिसली तर तिच्याकडे किंवा तिच्यापासून लांब ढांगा टाकत कधीही जायचं नाही. प्रत्येक ढांग म्हणजे दोन पायांत विभवांतर. दोन्ही पावलं जुळवून, जमिनीला घासत, अगदी थोडं थोडं सरकत लांब व्हायचं आणि कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही. विजा चमकत असतील तर झाडाखाली थांबायचं नाही, पक्कं घर गाठायचं. उघड्यावर अडकलोच तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, कारण आडवं पडलं की आपण सर्जा होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी नावाचं ॲप केलं आहे, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. ते तुझ्या फोनवर घे आणि गावी मामाच्याही फोनवर घालून दे.

आता एवढं कर. दिवाळीच्या सुट्टीत घरी येशील तेव्हा आपण करूच, पण त्याआधी जमलं तर मैत्रिणीला घेऊन खोलीतच कर. एक आयताकृती पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे घे. खाली आलेखाचा कागद ठेव. ट्रेमध्ये बोटभर नळाचं पाणी घाल. ट्रेच्या दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीभर पत्र्याच्या पट्ट्या उभ्या कर, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चार-पाच घड्या घालून घेतलीस तरी चालेल. त्यांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोड. मल्टिमीटरची काळी पिन ऋण पट्टीला लाव आणि लाल पिन पाण्यात टेकवत चल. आधी ट्रेच्या लांबीच्या दिशेने, दर २ सेंटिमीटरला थांबून आकडा लिही. मग रुंदीच्या दिशेने. लांबीत जाताना आकडा टप्प्याटप्प्याने सारखा बदलत जाईल, रुंदीत जाताना जागचा हलणार नाही. पट्ट्यांना अगदी लागून मोजू नकोस, धातू आणि पाणी यांच्या सीमेवर थोडे व्होल्ट खर्ची पडतात आणि तिथला आकडा एकदम उडी मारतो. मधला भाग बघ. मग लाल पिन अशी फिरव की आकडा बदलणारच नाही, आणि ती जिथून जिथून गेली ते ठिपके कागदावर उतरव. ती तुझी फक्कीची रेघ. त्यानंतर पट्ट्या काढून ट्रेच्या निम्म्या रुंदीच्या लाव आणि पुन्हा कर. रेघा कशा वाकतात ते तूच मला सांग.

हे झालं की सातवा प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडव. फिजिक्स जमणार नाही, हे वाक्य मात्र मी खोडून टाकते आहे. आठव्या वर्षी जिला डोंगरावर दम का लागत नाही हा प्रश्न पडला, तिला हा विषय कधीचाच जमलेला आहे.

पेपरात २० खोडून ४ लिही आणि फोटो पाठव. रात्री साडेबाराला पाठवलास तरी चालेल, पण मग सकाळी उशिरा ऊठ. मेसमधलं जेवण टाळू नकोस. आईला एक दिवसाआड फोन करत जा.

तुझी,
मावशी

ता. क. : ट्रेला फक्त बॅटरीच जोडायची. भिंतीतल्या प्लगचा करंट पाण्याला कधीही, कुठल्याही कारणाने लावायचा नाही, बॅटरी संपली असली तरी नाही. नवी ९ व्होल्टची बॅटरी आणि माझा जुना मल्टिमीटर उद्याच्या कुरियरने पाठवते आहे.